साखऱ्यातली गुळगुळीत भिंत

चहा आधी संपवा, नाहीतर हसता हसता सांडाल. फजिती माझीच आहे, त्यामुळं संकोच करू नका.

हिंगोलीतली पतसंस्थेतली नोकरी सोडून मला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. कशासाठी सोडली? अक्षरांसाठी! आता फक्त सुलेखन करायचं, तेही पोटापाण्यासाठी. सासूबाई म्हणाल्या, चांगलं अक्षर तर शाळेतल्या पोरांचं बी असतंय, त्यायला कोण पगार देतं? नवरा माझ्या बाजूनं होता. पण त्यानंही हळूच सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर तुझी खुर्ची अजून रिकामीच आहे.

अशात साखऱ्याहून किसनरावांचा फोन आला. मुलाचं लग्न होतं, घराच्या भिंतीवर गणपती आणि नवरा-नवरीची नावं हातानं काढून पाहिजे होती. काम पसंत पडलं तर भावकीतली यंदाची सगळी लग्नं तुम्हालाच, म्हणाले. म्हणजे माझी दिवाळी पार पडली की हो! घर कोणतं? मारुतीच्या देवळासमोर, नुकताच पांढरा रंग दिलेलं.

गेले. बघते तर देवळासमोर पांढरी घरं दोन, अगदी शेजारी-शेजारी. शहाण्या माणसानं काय केलं असतं? विचारलं असतं. मी काय केलं? दोन्ही भिंतींवरून हात फिरवला. एक होती खडबडीत, दुसरी लोण्यासारखी गुळगुळीत. लावली शिडी गुळगुळीत भिंतीला. अशी भिंत दिसली की आमच्यासारख्यांना दुसरं काही सुचतच नाही.

गणपती होत आला तेव्हा घरातून एक मावशी बाहेर आल्या. मला वाटलं, ही नवरदेवाची आई. त्यांना वाटलं, पाहुणे यायचेत म्हणून घरधन्यानं भिंत सजवायला बाई बोलावली. दोघींचाही समज पक्का, मग विचारायचं काय? लय भारी काढून राहिलीस, म्हणाल्या, मला चहा दिला आणि भजी तळायला आत गेल्या.

मला आणखी चेव आला. वर 'शुभविवाह' काढलं. खाली नवरीचंच नाव आधी घेतलं, कारण त्यातल्या 'ल'ची शेपटी मला लांबवर न्यायची होती. चि. सौ. कां. कोमल! खाली उतरून पाहिलं आणि खरं सांगते, स्वतःच्याच अक्षरावर जीव जडला.

तेवढ्यात दारात जीप थांबली. घरधनी आणि त्यांचा मुलगा गजानन पाहुण्यांना घेऊन उतरले. पाहुणे कोण? मुलीकडचे! गजाननचं कुठंच जमत नव्हतं, आणि आज कुठं एका मुलीकडचे घर बघायला आले होते. मुलीचं नाव वर्षा.

वर्षाचे मामा भिंतीसमोर थांबले. सगळं नीट वाचलं आणि घरधन्याला शांतपणे विचारलं, "पाव्हणं, ही कोमल कोण?"

घरधनी गजाननकडं बघायला लागले. मावशी भज्यांचं ताट घेऊन आल्या होत्या, त्यांनीही भिंत वाचली.

"काहून रे गज्या, कोण हाय ही?"

"आई, देवाशपथ, मला न्हाई माहीत!"

बिचारा रडकुंडीलाच आला होता. माझ्या ब्रशातला रंग माझ्याच साडीवर गळत होता. शेवटी धीर करून सगळं सांगून टाकलं. मामांनी विचारलं, बाई, आधी विचारलं काहून न्हाई? मी म्हटलं, भिंत गुळगुळीत होती.

मामा ओट्यावर बसून हसायलाच लागले. मग डोळे पुसून म्हणाले, "जिथं आईच चारचौघांत पोराला जाब विचारती, तिथं आमची पोरगी सुखात राहील."

भजी खाता खाता लग्न ठरलं! मी मुकाट्यानं ती भिंत पुन्हा पांढरी केली आणि कोमलला शेजारच्या खडबडीत भिंतीवर नेऊन बसवलं.

गजाननच्या लग्नाचं मला मानाचं बोलावणं आलं. मावशींनी भर मांडवात माझी ओटी भरली, साडी दिली आणि सगळ्यांना सांगितलं की हिच्यामुळं माझ्या लेकराचं जमलं. मला अगदी भरून आलं हो. मग सहज घराकडं नजर गेली. भिंतभर फ्लेक्स! नवरा-नवरीचे फोटो आणि कॉम्प्युटरची ठोकळेबाज अक्षरं.

मी कळवळून विचारलं, "मावशी, मला नाही का सांगायचं? मी फुकट काढून दिलं असतं."

मावशींनी माझ्या गालावरून हात फिरवला. "बाई, तुझं अक्षर लय गोड हाय. पर मोठ्या मुश्किलीनं एक वर्षा मिळाली. तू आणखी कोणाला आणून बसवली असती तर?"