नावेला बांधायचे टायर

धरणाच्या दगडी भिंतीवर आमची मासेमारीची नाव आदळू नये म्हणून तिच्या कडेला जुने टायर बांधायचे होते. जुन्या जालन्यातल्या टायरवाल्यानं नावेची लांबी विचारली आणि वितीनं जाडी मोजत जीपचे टायर बाजूला काढले. मला ते अवजड वाटले. मी स्कूटरचे मागितले.

"न्हाई भाऊ, बारीक पडतील. नाव भिंतीला लागताना मानूस मधी हात घालतोच. त्या हातासाठी जाड टायर पाहिजे."

मी हसून स्कूटरचेच आणले.

महिन्याभरात धाकट्या भावाची दोन बोटं नाव आणि भिंतीच्या मधे चिरडली.

मी पुन्हा गेलो, तेव्हा त्यानं न सांगताच जीपचे टायर खाली उतरवले.

"कुनाला लागलं?"

भावाचं नाव तोंडातून निघेना. "मलाच," मी म्हणालो.

त्यानं माझ्या धडधाकट हातांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.