उजवा पदर

आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर स्टीलचा एक गंज, म्हणजे पातेलं, पालथा पडलेला असायचा. आईच्या जुन्या साड्या देऊन तो आला. तेरवी उरकली, पाहुणे पांगले, आणि वहिनीने व मी तिची ट्रंक उघडली. दारात भांडेवाली बसली होती. तिने एकेक साडी उन्हात धरली, विरलेल्या बाजूला काढल्या, नाक मुरडलं, मग त्याही घेतल्या आणि गंज पुढे सरकवला. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत असं सगळेच सांगतात. त्या कपड्यांचं पुढे काय होतं, ते कोणी विचारत नाही.

बाबा ओसरीवरून बघत होते. "त्या गंजात माह्यासाठी काई रांधू नका," एवढंच म्हणाले.

बाबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचे आणि धागा केवढा ते सांगायचे; त्यावरच भाव ठरायचा. नोकरीच्या शेवटच्या काळात कापसाचं सगळंच बिघडलं होतं. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत यायची आणि माणसं बाबांच्या तोंडाकडे न बघता बोटांकडे बघत उभी राहायची. घरी आले की ते फार वेळ हात धूत. ते निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत आई गेली.

पण नुसतं 'गेली' असं त्यांनी कधी म्हटलं नाही. कोणी विचारलं की म्हणायचे, "बाहेर गेली हाय." नेरची आत्या भेटायला आली, तिलाही हेच सांगितलं. ती रडायची थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. मला रागच आला. तिचा की बाबांचा, ते आजही सांगता येणार नाही. हळूहळू त्यांचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. दादा डॉक्टर करून थकला. हा माणूस आता आपल्या हातचा राहत नाही, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

त्याच सुमारास सात वाजताची ती मालिका सुरू झाली. वऱ्हाडातलं कापसाचं गाव म्हणे. पेपरात रोज आमच्याकडच्याच बातम्या असायच्या, म्हणून टीव्हीलाही आमची आठवण आली असावी. आम्ही हौसेने बसलो आणि पहिल्याच दिवशी हसून हसून बेजार झालो. पाटील कोल्हापुरी फेट्यात, पाटलीण नथ घालून कापूस वेचते आहे, आणि गडीमाणसं कोणत्या मुलखातली मराठी बोलतात ते देवाला ठाऊक. त्यात दर आठवड्याला एक तिरडी निघायची. तिसऱ्या तिरडीनंतर आम्ही हसणं सोडलं.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर बाबा केस विंचरून, धुतलेला सदरा घालून टीव्हीसमोर बसलेले. ताट रिकामं होतं.

"तुही माय आलती आज," ते म्हणाले.

"कुठं?"

"टीव्हीत. विहिरीपाशी उभी होती. तोंड तेवढं नाही दाखवलं तिनं."

वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि पटकन आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्याजवळ बसले. बाजाराचा प्रसंग होता. गर्दीत एक बाई पाठमोरी उभी होती, अंगावर जांभळं पातळ. तसलं पातळ शंभरजणींचं असेल, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात ती वळून चालू लागली आणि पदराचं टोक कॅमेऱ्यापुढून गेलं. टोकाला हिरवी मिरची होती.

ती मिरची माझी. चुलीची ठिणगी उडून आईच्या पदराला भोक पडलं होतं आणि शाळेत शिवणाच्या तासाला मी ते रफू केलं. जांभळा दोरा नव्हता, हिरवा होता. "मिरची काढली काय वं?" म्हणून आई पोटभर हसली, आणि नंतर आल्यागेल्याला पदर उलगडून दाखवत राहिली.

एवढं असतं तर मी समजून घेतलं असतं. जुने कपडे हिंडत हिंडत कुठे जातील याचा नेम नसतो. पण त्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर होता. मारवाडी बायका उजवा पदर घेतात, तो पुढे येतो. हा पाठीवर सोडलेला होता. आमच्या घराण्यात असा पदर एकदाच घेतात, आणि तोही दुसऱ्यांनी नेसवून. आईला अंघोळ घालून मावशीने आणि मी हिरवं लुगडं नेसवलं, तेव्हा सवयीने माझा हात डावीकडे गेला होता. मावशीने तो धरून उजवीकडे नेला. बाबा तेव्हा दारात उभे होते.

त्यानंतर मी रोज बघू लागले. ती बाई लग्नात असायची, पंचायतीत असायची, तिरडीमागे असायची. कधी उंच वाटायची, कधी ठेंगणी. चेहरा कधीच नाही. बाकीच्या बायकांचेही पदर उजवेच होते. अख्खं गाव शेवटचं नेसून पाणी भरत होतं आणि भाकरी थापत होतं, आणि आमच्या गल्लीत घरोघरी दिवे लावून लोक ते बघत होते. समोरच्या काकूंनी टीव्हीकडे पाठ करून नुसतं ऐकायला सुरुवात केली.

वहिनीला केबल तोडायची होती. दादाही तिच्याच बाजूचा. पण बाबा त्या अर्ध्या तासात भाकरी खायचे, आणि मी आडवी आले. मग एक दिवस त्यांनी ताटही सरकवलं.

"तिचा पदर चुकला हाय," ते म्हणाले. "डावीकडं घेतला तर येईन ती घरी. तिले सांगणारं कोनी नाही. मलेच जा लागते."

कुठे जायचं, हे मी विचारलं नाही. त्यांचं मनगट माझ्या मुठीत मावत होतं.

मालिकेचं युनिट कळंबच्या बाजूला एका खेड्यात आल्याचं ऑफिसात कळलं. मी रजा टाकली आणि बाबांना एसटीत बसवलं. वहिनी म्हणाली, "ताई, तुमी बी त्याईच्यासारख्याच झाल्या."

भर दुपारी पोचलो. शाळेसमोरच्या मैदानात तिरडी ठेवली होती, पांढऱ्या कापडाखाली गवताचा भारा. गावातल्या बायका रांगेने बसवल्या होत्या, सगळ्यांचे पदर उजवे. त्यांना रडायचं कसं ते शिकवावं लागत नव्हतं. म्हाताऱ्या मात्र आपापल्या दारात मैदानाकडे पाठ करून बसल्या होत्या.

युनिटचे कपडे सांभाळणारा ड्रेसदादा निंबाला दोरी बांधून साड्या वाळवत होता. साध्या स्वभावाचा माणूस, चहासुद्धा विचारला. बायकांच्या स्वतःच्या साड्या का चालत नाहीत, असं मी विचारलं. "ताई, इथल्या बायका पोपटी नायलॉन नेसतात. ते गावाकडचं वाटत नाही." म्हणून जुन्या बाजारातून गठ्ठ्याने साड्या आणायच्या आणि चहाच्या पाण्यात बुडवून आणखी जुन्या करायच्या. आणि पदर? त्याने फायलीतून एक फोटो काढला. कापूस वेचणाऱ्या बायका, पदर उजवे. "आमच्या डिझायनर मॅडमनी यावरून केलंय. अस्सल आहे." फोटोत मागे दुकानाची पाटी होती. मी वाचायला गेले आणि वाचता येईना. अक्षरं उलटी होती. फोटोच उलटा छापला गेला होता. मी पाटीवर बोट ठेवलं. त्याने बघितलं आणि जीभ चावली.

"आता काय करता? कंटिन्युटी असते. एकदा उजवीकडे गेला की शेवटपर्यंत उजवीकडेच."

जांभळं पातळ कोण नेसतं, तेही विचारलं. ठरलेली अशी कोणी नव्हती. ज्या गावात जी बाई मिळेल ती, म्हणून चेहरा घेत नाहीत. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतक्या बायका आल्या नि गेल्या, आणि ती मात्र रोज होती.

तोवर बाबा माझ्याजवळून निघून गेले होते. ते बाभळीखाली एका तरुण बाईसमोर उभे होते. तिच्या अंगावर आईचं पातळ होतं.

"बाई, जरा पदर डावीकडं घेशीन?" त्यांनी विचारलं.

काहून, असं तिने विचारलं नाही. "सासूनं सकाळपासून पाह्यलं नाही माह्याकडं," ती हळूच म्हणाली. "म्हनते, असं नेसून सामोरच्या दारानं येऊ नको." ती शाळेच्या भिंतीमागे गेली, आणि परत आली तेव्हा पदर डाव्या खांद्यावर होता, डोक्यावरून घेतलेला, एक टोक मुठीत. आई दारात अशीच उभी राहायची. बाबांच्या तोंडावर मी कित्येक महिन्यांनी हसू बघितलं.

मग त्यांनी हात पुढे केला. पदराचं टोक दोन अंगठ्यांत धरलं, कापूस ओढून बघायचे तसं ताणलं, मिरचीवरून बोट फिरवलं. शेवटी ते नाकाशी नेलं.

"चहाचा वास येते," ते म्हणाले.

बाई गोंधळून उभी राहिली. त्यांनी पदर सोडला.

"घे बाई, उजवीकडंच घे. नेसवलं तसंच राहू दे. हे माह्या बायकोचं हाय. ती गेली."

मैदानातून हाक आली, आणि ती पदर उजवीकडे टाकत पळाली. तिरडी उचलली गेली.

परतताना कळंबच्या स्टँडवर बाबांनी चहा मागवला आणि पूर्ण प्यायले. घरी येऊन हात धुतले, या वेळी झटकन, आणि फळीकडे बोट केलं. "त्या गंजात वरण टाक." वहिनीने माझ्याकडे न बघता गंज उतरवला. बाबा दोन भाकरी जेवले. त्यांच्या ताटात वाढताना मी रडले आणि का ते मला कोणी विचारलं नाही.

त्यानंतर सातच्या ठोक्याला ते चौकात फिरायला जाऊ लागले. त्या खेड्यातला प्रसंग टीव्हीवर लागला तेव्हा मी एकटीच बसले होते. मैदान, तिरडी, बायकांची रांग. मागे शाळेची पाटी होती, आणि तिच्यावरची अक्षरं उलटी होती. पात्रांच्या नजरा जुळवायला चित्र असं फिरवतात, हे मला समजतं. मी शिकलेली बाई आहे. पण चित्र फिरलं होतं, म्हणून पदर डावीकडे आला होता. जांभळं पातळ तिरडीमागून पाठमोरं चाललं होतं, डाव्या खांद्यावरून सोडलेल्या पदराला हिरवी मिरची होती, आणि अजून दोन पावलांत ती पडद्याबाहेर जाणार होती. आत वहिनी गंज घासत होती. बाबा घरात नव्हते.

"आई," मी हाक मारली.