परतसांगे साहेब

समोर फाईल आली की आमचे साहेब ती आधी मिटत आणि तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेवत. म्हणजे सरकारी वकिलांना मध्येच पान उलटून बघायची सोय नाही. मग समोर बसलेल्या फिर्यादीला म्हणत, "काय ठरलं ते आता तुम्ही मला परत सांगा." जिल्हाभरातले वकील त्यांना मागून परतसांगे साहेब म्हणत. मी त्यांची लघुलेखक, पण मीही म्हणायची.

सरकारी वकिलांच्या कामावर देखरेख ठेवणं हे त्यांचं काम. काही खटल्यांत आरोपी गुन्हा कबूल करतो, त्याबदल्यात त्याची शिक्षा कमी होते, फिर्यादीला भरपाई मिळते आणि खटला लवकर मिटतो. अशा तडजोडीला वकिलानं होकार देण्याआधी कागद धुळ्याला आमच्याकडे यायचे, आणि साहेबांच्या हट्टापायी फिर्यादीही यायचा. साहेब म्हणत, "आरोपीला वकील असतो. फिर्यादीला आपण असतो, आणि आपल्याला घाई असते."

तपासणीला जाताना ते सांगून जात नसत. एका कोर्टात ते बाहेरच्या बाकावर फिर्यादींत जाऊन बसले. तिथला नवा सरकारी वकील घाईत आला आणि म्हणाला, "ओ काका, सरका जरा." साहेब निमूट सरकले. मी तोंडात पदर कोंबला. अर्ध्या तासानं तोच वकील त्यांच्यासमोर घाम पुसत उभा होता, तर साहेब एवढंच म्हणाले, "बाक कमी पडतात हो तुमच्याकडे." पुढच्या खेपेला बाक वाढलेले होते.

झेलाबाई आली ती अशाच एका तडजोडीसाठी. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली बाई. मोहाची फुलं कुणी वेचायची यावरून शेजाऱ्यानं काठीनं तिचा हात मोडला होता. बरोबर आलेले वकील मुरलेले. म्हणाले, "साहेब, सगळं समजावलंय. अंगठाही दिलाय तिनं." झेलाबाई प्रत्येक वाक्याला "हा साहेब" म्हणत होती. साहेबांनी तांब्या ठेवला आणि परत सांगायला सांगितलं. ती माझ्याकडे बघायला लागली. मी दोंडाईच्याची, घरात अहिराणीच. म्हटलं, "अक्का, काय ठरनं ते तुन्या बोलीमा सांग."

"मना गुन्हा माफ व्हयना," ती म्हणाली. "आते माले जेलमा टाकाव नहीत."

आपलाच गुन्हा माफ झाला, असं ती समजून बसली होती. वकील हसायला गेले आणि साहेबांकडे बघून सावरले. पण बाईचं चुकलं कुठं? पोलीस बोलवायला येत ते तिला. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केलं तिला, प्रश्नांची सरबत्ती तिच्यावर. शेजारी मात्र आपल्या वकिलाजवळ खुर्चीत बसलेला दिसे. मग गुन्हेगार कोण, हे तिनं आपल्या मनानं ठरवून टाकलं होतं.

साहेबांनी झेलाबाईच्या हातात पाणी दिलं. म्हणाले, "तिला सांगा, गुन्हा त्याचा आहे. तिचा कधीच नव्हता." मी सांगितलं. तिचा विश्वास बसेना. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा ती ताठ बसली आणि म्हणाली, "मंग त्यानी सांगाले जोयजे. बठ्ठा गावसमोर."

वकील कुरकुरले, पण कागद नव्यानं झाले. औषधपाण्याचा खर्च होताच. त्यात गावासमोर कबुली देण्याची अट आली. शेजाऱ्यानं आधी कोर्टात आणि मग चावडीवर सांगितलं, की हात मी मोडला.

मी साहेबांना विचारलं होतं, "तुम्ही विचारलं नसतं तर?"

"तर काय," ते म्हणाले, "प्रकरण यशस्वी म्हणून अहवालात गेलं असतं."

 वेळेवर कळलं म्हणून मला हायसं वाटलं.

पुढे साहेब निवृत्त होऊन जळगावला मेहरूणला राहायला गेले. निरोपाला भाषणं झाली, त्यांना ती सोसवली नाहीत. नंतर काही दिवसांनी झेलाबाई कार्यालयात आली. साहेब नाहीत कळल्यावर हिरमुसली आणि मला म्हणाली, "साहेबले सांगजो, मी आते बजारले जास."

मला आधी अर्थ लागेना. मग तिच्याकडूनच कळलं. हात मोडल्यापासून ती आठवडी बाजाराला गेलीच नव्हती. गुन्हेगार बाईनं चारचौघांत तोंड कसं दाखवायचं, म्हणून.

संध्याकाळी मी साहेबांना फोन केला आणि तिचा निरोप दिला. ती इतके दिवस बाजाराला का जात नव्हती, तेही सांगितलं. 

"म्हणजे शिक्षा तीच भोगत होती," साहेब हळूच म्हणाले. मग मोठा श्वास सोडल्याचं मला इकडे ऐकू आलं. "सुटली बिचारी एकदाची."