पोशट्टीच्या नावाला आमेन

आमच्या घराण्यात चमत्कारांची टंचाई कधी नव्हती. आजोबांचा ताप प्रार्थनेने उतरला, आत्याची हरवलेली म्हैस प्रार्थनेने सापडली, चुलतभाऊ बारावीला प्रार्थनेने पास झाला. हे शेवटचं मला जरा लागतं, कारण त्याला गणित मी शिकवलं होतं. सांगायचा मुद्दा, असल्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालो आणि त्यातल्या एकीवरही माझा विश्वास बसला नाही. मी लातूरला क्लासमध्ये गणित शिकवतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळ्या धर्मांचे पालक आपापल्या देवाकडून पेन मंतरून आणतात आणि निकालाच्या दिवशी क्लासला जाब विचारतात. जन्माने ख्रिस्ती आहे, पण चर्चमध्ये लग्न, माती आणि नाताळ एवढ्यालाच जातो. नाताळलाही केकसाठी.

हे एवढ्यासाठी सांगतोय की पुढचं वाचून कुणी मला ‘साक्ष’ द्यायला व्यासपीठावर बोलावू नये. ही साक्ष नाही. हे नक्की काय आहे ते मलाच कळलेलं नाही, आणि तेव्हापासून मला एका जागी नीट बसवत नाही.

माझी थोरली बहीण सुशीलाताई नांदेडला असते. जन्मभर नर्स होती. सुरुवातीची नोकरी धर्माबादला, मग नांदेडला. विनय, म्हणजे माझा भाचा, शाळेत असतानाच दाजी अपघातात गेले. मग सासरचे तुटले, नोकरीवर बदल्यांचा छळ झाला, विनयला कावीळ झाली... एकापाठोपाठ एक. या सगळ्यात तिची एक गोष्ट चुकली नाही. दिवेलागणीला घरची प्रार्थना.

ती प्रार्थना म्हणजे नावांची रांग. सुंदर शब्द नाहीत, डोळ्यांत पाणी नाही. हजेरी घ्यावी तशी ती एकेक नाव घ्यायची. घरातले, मग शेजारपाजारचे, मग वॉर्डातले पेशंट. प्रत्येक नावानंतर थांबायची. बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणायचं, मगच पुढचं नाव. आमेन आलं नाही तर पुढे जायचं नाही, आणि रांग संपल्याशिवाय ताटं मांडायची नाहीत. तिच्याकडे गेलो की मी त्या वेळी बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसायचो. भूक लागलेली असायची, त्यामुळे रांग वाढली की मला सगळ्यात आधी कळायचं.

रांगेतून नाव दोनच कारणांनी गळायचं. अडचण सुटली, किंवा माणूस गेला. आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. त्यांचं जे व्हायचं ते झालं, असं मानतात. दाजींची माती झाली त्या संध्याकाळीही ताई प्रार्थनेला बसली होती. मी ओट्यावर होतो. दाजींचं नाव रांगेत नेहमी पहिलं असायचं. त्या दिवशी तिने विनयपासून सुरुवात केली. मला इतका राग आला होता तिच्या त्या देवाचा, की मी उठून स्टेशनपर्यंत चालत गेलो.

गेल्या वर्षी ताईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं पूर्ण गेलं. पाणी हवं असलं तरी म्हणता येईना. डॉक्टरांनी नाकातली नळी काढली तेव्हाच बजावलं होतं, तोंडाने खाल्लं नाही तर नळी परत घालावी लागेल आणि या वयात ते चांगलं नाही.

घरी आणल्यावर काही दिवसांनी, दिवेलागणीला, ती अचानक बोलली. ‘विनय.’ मग थांबली. घरातल्यांनी रडत रडत आमेन म्हटलं. मग ‘रिबेका’, म्हणजे सून. मग पुढची नावं, स्पष्ट, क्रमाने. प्रार्थना संपली की पुन्हा मुकी.

चमत्कार म्हणून गल्लीत पेढे वाटण्याआधी मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असं होतं. रोज म्हणून पाठ झालेलं, गाणी, पाढे, हे मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. बोलणं गेलं तरी ते राहू शकतं. मला बरं वाटलं. ताई बोलली म्हणूनही, आणि कारण सापडलं म्हणूनही.

मग एके दिवशी विनयचा फोन आला. “मामा, आई काही खाऊनच नाही राहिली. तुम्ही या.”

झालं होतं असं. ताईच्या रांगेत एक नवं नाव आलं होतं. पोशट्टी. या नावाचं घरात, गल्लीत, चर्चच्या मंडळीत कुणी नाही. मला त्यात गूढ वाटलं नाही. धर्माबादकडे, तेलंगणाच्या हद्दीला, हे नाव घरोघर आहे. जुना पेशंट असेल एखादा. मी ताईच्या तिथल्या एका मैत्रिणीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, “पोशट्टी? कोणता सांगू? बाजारात हाक मारली तर चार जण ओ देतील.”

पण रिबेकाच्या माहेरचे ज्या नव्या फेलोशिपला, म्हणजे प्रार्थनासभेला, जातात तिथल्या पास्टरांना त्यात बरंच काही दिसलं. हे गृहस्थ मे महिन्यात ब्लेझर घालतात आणि बैठकीच्या खोलीत माईकवर बोलतात. नांदेडात त्यांच्या चंगाई महोत्सवाचे, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करायच्या सभेचे, बॅनर लागले होते. त्यांवर त्यांचा फोटो येशूच्या चित्रापेक्षा मोठा होता. त्यांनी निदान केलं की पोशट्टी हे देवीवरून पडलेलं नाव आहे, तेव्हा म्हातारीच्या तोंडून दुसरंच कुणीतरी बोलतंय. या नावाला आमेन म्हणायचं नाही. आमेन म्हणणं म्हणजे त्याला घरात घेणं. आणि महोत्सवात ताईला व्हीलचेअरवरून स्टेजवर आणायचं, तिथे ते काय ते काढतील.

घरातले घाबरले. त्या नावाशी येऊन सगळे गप्प बसायला लागले. आमेन नाही म्हणून ताई अडायची, परत विनयपासून सुरू करायची, परत तिथेच अडायची. रांग संपत नाही म्हणून जेवण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दिली तरी डाव्या हाताने ताटली लोटून द्यायची. कुणी जबरदस्तीने घास भरवला तर तोंड मिटायची.

मी पोचलो तेव्हा तिची गालफडं बसली होती. पास्टर खुर्चीत, ब्लेझरसकट. मला बघून म्हणाले, ब्रदर, तुमच्यासाठीही मी प्रार्थनेचा भार घेऊन आहे. मी म्हटलं, भार उतरवा, खुर्ची जुनी आहे.

विनय मला बाजूला घेऊन म्हणाला, “उद्या सकाळी नळी घालायला न्यायचं किंवा परवा स्टेजवर न्यायचं. दोन्हीचं नाव काढलं की तिचे डोळे बघवत नाहीत, मामा. मला काही सुचून नाही राहिलं.”

दिवेलागण झाली. या खेपेला मी ओट्यावर गेलो नाही. ताईने सुरुवात केली. विनय, आमेन. रिबेका, आमेन. शेजारच्या शेखभाईंची आई, आमेन. मग ती थांबली, श्वास घेतला, आणि म्हणाली, “पोशट्टी.”

विनयने मान खाली घातली. पास्टरांनी डोळे मिटून हात वर केला होता. ताई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. रागाने नव्हे. वॉर्डात सलाईन संपत आलंय आणि दुसरी बाटली कुणी आणत नाही, तेव्हा नर्स बघेल तशी.

“आमेन,” मी म्हटलं.

कॉलेजात गेल्यापासून हा शब्द मी उच्चारला नव्हता. श्रद्धेने म्हटला असं कुणी समजू नये. तिने खावं म्हणून म्हटला. ताई माझ्याकडे वळली आणि लगेच पुढचं नाव घेतलं, जे या गोंधळात कित्येक दिवस कुणाच्या कानावरच आलं नव्हतं.

“पभ्या.”

प्रभाकर. मी. घरातल्यांत नव्हे, पोशट्टीच्या लगेच मागे माझा नंबर होता. रिबेका हुंदका देत आमेन म्हणाली. त्या रात्री ताईने वाटीभर मऊ खिचडी खाल्ली. पास्टर न जेवता गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लातूरच्या एसटीत बसलो. अहमदपूर सुटलं आणि छातीत जळजळायला लागलं. आदल्या रात्रीचं तिखट, असं स्वतःला समजावलं. चाकूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा श्वास पुरेना, म्हणून मोकळ्या हवेत उतरलो. कंडक्टरने हाक मारली, मी हातानेच जा म्हटलं, मागची येईलच. पाणी शोधत रस्त्यापर्यंत आलो आणि तिथल्या झाडाखाली बसलो. शर्ट घामाने चिकटला होता. डावा हात जड. गणितवाल्यालाही आता उत्तर दिसायला लागलं होतं, पण उठता येईना.

समोर एक टेम्पो उभा होता आणि त्याच्या सावलीत एक मध्यमवयीन माणूस बसला होता. चहा नाही, मोबाईल नाही, नुसता बसलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, उठून आला.

“काका, लई घाम फुटलाय तुमाला. हे बरं न्हाई. चला, गाडीत बसा.”

त्याने मला जवळजवळ उचलूनच आत घातलं आणि टेम्पो लातूरच्या दिशेने वळवला. गाडी रिकामी होती, पण मिरचीचा वास मात्र भरलेला. धर्माबादची मिरची लातूरला टाकून परत निघालेला. आम्ही दोघंही शिंकत होतो. शिंक आली की छातीत कळ यायची. माझे डोळे मिटायला लागले तसा तो ओरडून बोलायला लागला. झोपू नका, बोलत राहा. मी कसंबसं विचारलं, तिथे का थांबला होतात?

त्याने हॉर्न दाबून एक ट्रक मागे टाकला. “माल टाकून झाला, काका. पर घरी जावं वाटंना. म्हून बसलतो.” मग स्वतःच विषय बदलला. “नाव काय तुमचं?”

“प्रभाकर.”

“माझं पोशट्टी.”

मला हसू आलं. त्याला वाटलं मी चाललो. त्याने गाडी अशी हाणली की त्यापुढचं मला आठवत नाही.

लातूरला दवाखान्यात त्याच संध्याकाळी माझ्या नसेत स्प्रिंग बसवली. थोडा उशीर झाला असता तर... हे डॉक्टर सगळ्यांनाच म्हणतात, तरी मी ऐकून घेतलं. बायको येईपर्यंत पोशट्टी बाहेर बाकावर बसून होता. तिने चहा दिला, तो घेतला. फोन नंबर मागितला, तो दिला. उठताना एवढंच म्हणाला, “बाई, आता जातो घरी.”

मी आत असताना, दिवेलागणीनंतर, बायकोला विनयचा फोन आला. नांदेडला अजून कुणालाच काही कळवलेलं नव्हतं. मामा नीट पोचले का, असं विचारून तो म्हणाला, “मामी, मामांना सांगा, आज आईने ते नाव घेतलंच नाही. शेखभाईंच्या आईनंतर थांबली, हसल्यासारखं केलं, आणि सरळ मामांवर आली. आज जेवली पण लवकर.”

बायकोने मला हे तिसऱ्या दिवशी सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मशीनवरच्या रेघेत दिसलं असतं.

मी यातलं जे सोडवता येतं ते सोडवलं आहे. ताई धर्माबादला होती, पोशट्टी नाव तिकडे ढिगाने आहे, धर्माबादची मिरची लातूरला येते, चाकूर वाटेवर आहे. प्रत्येक पायरी बरोबर येते. मुलांना मी सांगतो, पायऱ्या बरोबर असतील तर उत्तर चुकत नाही. इथे पायऱ्या सगळ्या बरोबर आहेत आणि उत्तर येत नाही.

फिरायला लागल्यावर नांदेडला गेलो. ताईला विचारलं, पोशट्टी कोण? तिला उत्तर देता येत नाही हे माहीत असून विचारलं. तिने मूर्ख प्रश्न विचारणाऱ्या नातेवाइकाकडे बघावं तसं बघितलं, आणि डाव्या हाताने माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं. धर्माबादलाही जाऊन आलो. आडतीच्या दुकानांतून विचारलं. चार पोशट्टी भेटले, त्यांतला एकही तो नव्हता. चौघांनी चहा मात्र पाजला. त्याने दिलेला नंबर तेव्हाही बंद लागत होता, आजही लागतो.

तो नंबर बदलून घरी सुखात असेल. बहुतेक असेलच. पण ताईच्या रांगेतून नाव दोन कारणांनी गळतं, आणि यातलं कोणतं, ते सांगू शकणारं एकच माणूस आहे, त्याला बोलता येत नाही. ती रोज त्या टेम्पोच्या सावलीत बसलेल्या माणसासाठी नाव घेत होती, की माझ्यासाठी, हेही मला माहीत नाही. घरी जावं वाटंना, असं तो म्हणाला होता. का, ते मी विचारलं नाही.

म्हणून लातूरला आता दिवेलागणीला क्लासमधून दहा मिनिटं बाहेर येतो. जिन्यात उभा राहतो. मुलांना वाटतं सर गोळी घ्यायला गेले. मी ते नाव घेतो. पुढे काय म्हणतात ते मला येत नाही, म्हणून नुसतं नावच घेतो, आणि मागून आमेन म्हणायला कुणी नसतं, म्हणून तेही मीच म्हणतो. तो माणूस गेला असेल, तर आमच्या रीतीने हे चूक आहे. ती चूक मी रोज करतो.