सान यीला नको असलेलं पुण्य

सान यीची आत्या, दॉ ऑन ची, सात वर्षं अंथरुणाला खिळून होती. जीभ तेवढी शाबूत होती. सान यी तिला पुसून काढी, कूस बदलून देई, पेज भरवी, आणि म्हातारी घास गिळता गिळता म्हणे, "उपकार करत नाहीस माझ्यावर. मी पडलेय म्हणून तुला पुण्य लागतंय. आभार तूच मान."

आमच्या पखोक्कू गावात याला उत्तर नाही, कारण आम्ही सगळे हेच मानतो. भिक्षूला भात वाढला की हात आपणच जोडायचे. त्यानं घेतला म्हणून आपलं पुण्य झालं. शेजारणी येऊन सान यीला म्हणत, नशीबवान आहेस गं, केवढं जोडतेयस. कूस बदलायला मात्र एकही थांबत नसे. मीसुद्धा नाही, आणि माझं घर तर भिंतीला भिंत लागून.

सान यी दाराशी बसून चिरूट वळायची, कान आतल्या खोलीकडे. एकदा मला म्हणाली, "ताई, तिच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मी तिला पुसते. पुढचा जन्म माझ्या मनातही नसायचा. आता पाणी घेतलं की तोच आठवतो." मला म्हातारीचा संताप आला. पोरीनं केलेलं काम तिनं पोरीचं राहू दिलं नव्हतं.

मग सान यीनं युक्ती काढली. आमच्यात पुण्यकर्म झालं की ते सगळ्या जिवांना वाटून टाकतात, आणि ऐकणारे "साधु" म्हणतात. ती रोज आत्याला पुसून झालं की मोठ्यानं सगळं वाटून टाकू लागली. जवळ काही उरलंच नाही तर म्हातारी बोलेल कशी? महिनाभरानं मठातल्या थोरल्या भिक्षूंना तिनं मोठ्या आशेनं विचारलं. ते मायेनं हसले. म्हणाले, वाटल्यानं पुण्य घटत नाही, वाटण्याचं आणखी वेगळं लागतं. ती घरी आली ती उंबऱ्यावरच बसली. "म्हणजे यातून सुटकाच नाही," एवढंच म्हणाली.

को फो ला हा मागवेकडच्या मालबोटीवरचा तांडेल. त्यानं तिला मागणी घातली होती. भिक्षू पावसाळ्यात मठातच राहतात, त्या वर्षावासाचे तीन महिने आमच्यात लग्न होत नाही. असे दोन वर्षावास त्यानं वाट पाहिली. तिसरा लागायला नऊ दिवस उरले तेव्हा त्यानं सांगितलं, आता नाही तर कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी सान यी माझ्याकडे आली. "मला जायचंय, ताई. लोक स्वार्थी म्हणतील तर म्हणू देत. निदान ते खरं असेल." पुसायला ती एक बाई ठरवणार होती. पेज मात्र दोन वेळा मी भरवावी, एवढंच मागत होती.

मी म्हणाले, "अगं, कालच आत्या मला म्हणाली, तू गेलीस तर पाण्याचा थेंबही घेणार नाही."

 ती चुलीवर पाणी तापत ठेवायला उठून गेली. को फो ला नवव्या दिवशी एकटाच बोट घेऊन गेला.

सान यी माझ्याकडे आली त्याच्या आदल्या दिवशी म्हातारीनं मला बोलावलं होतं, हे खरं. सान यी चिरुटाची पानं आणायला बाजारात गेली होती. "इतकं टोचते तरी ही जात नाही," म्हातारी म्हणाली. "तू दोन घास भरवशील का मला? मग तिला हाकलून देते." मी म्हटलं होतं, बघू.

पोरीनं असं टाकून जाणं बरं दिसत नाही, अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मला त्या खोलीत दोन वेळा जायचं नव्हतं. म्हातारी आणखी पाच वर्षं जगली. तिनं माझं बिंग कधी फोडलं नाही.