चूक काढणारं घर

माणूस पंचविशीपर्यंत घडून संपतो, पुढे नुसता जुना होतो, असं मी नोकरीला लागलो तेव्हा मानत होतो. पांढुर्ण्याच्या कचेरीत आवक-जावकचं रजिस्टर लिहिणाऱ्याला असले सिद्धांत परवडतात.

माझे वडील तिगावला रेल्वे लाईनवर कामाला होते. भजनात कोणी जरा रंगून गायला लागलं की ते एकच खोचक शब्द टाकत आणि गाणं तिथेच मरायचं. आई त्यांच्याशी शेवटी फक्त 'हो' इतकंच बोलायची. मी त्यांच्यासारखा नाही, अशी माझी खात्री होती, कारण मी पुस्तकं वाचत होतो. पुस्तकांनी मला फक्त त्यांच्यापेक्षा चांगले शब्द दिले.

बायको मोहगावची. ऐंशी सालानंतर एक-दोन वर्षांत लग्न झालं तेव्हा ती मोठ्याने हसायची आणि कोणी बोल म्हटलं की लगेच उभी राहायची. आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या जयंतीला पाहुण्यांच्या आधी बायांमधली एक जण बोलते. त्या वर्षी हिचं नाव ठरलं. तिने दोन पानं लिहिली आणि पोळ्या बाजूला ठेवून मला वाचून दाखवू लागली.

"सन्माननीय मंच आणि माझ्या बहनांनो..."

"मंच कायचा सन्माननीय वं? चार तखत न एक सतरंजी."

ती हसली. "बरं, पुढचं आईका. लेकी शिकल्या नाहीत तर अंधार आपल्याला सोडणार नाही."

"अंधार तं रोजच येऊन राह्यला. लाईनमनले सांग."

या वेळी ती हसली नाही. "तुमाले हे खोटं वाटून राह्यलं का?"

"खोटं नाही. भाषण वाटून राह्यलं."

तिने पानांची घडी घातली. जयंतीच्या दिवशी डोकं दुखतं म्हणून ती घरीच राहिली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. सभांमधल्या थाटामाटाला हसणारं आता घरात आणखी कोणीतरी असेल, असं वाटलं.

तसंच झालं. चार-पाच वर्षांत ती तयार झाली. सौंसरला तिच्या भावाच्या लग्नात नवरदेवाच्या फेट्यावर ती असं काही बोलली की सगळा मांडव हसला, फक्त नवरदेव सोडून. "भाऊजींचा गुण लागला हिले," तिची थोरली वहिनी म्हणाली. मी ती तारीफ समजलो. हिचा मोठा आवाज कधी गेला, ते मात्र माझ्या लक्षात आलं नाही. आता ती हळू बोलायची आणि नेमकं बोलायची.

त्यानंतरच्या एका जयंतीला शेजारच्या मास्तरांच्या नव्या बायकोचं नाव ठरलं. पोरगी कागद घेऊन आमच्याकडे आली. "वहिनी, तुमी आईकून सांगा नं जरा."

बायको तूर निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"माझ्या आईने दुसऱ्याच्या शेतात निंदण करून मला शिकवलं," पोरगी वाचत होती.

"आई निंदून राह्यली होती, तवा तू काय करत होती? शेताच्या धुऱ्यावर बसून पाहत होती का?"

पोरीचा चेहरा उतरला. तसाच चेहरा मी या घरात आधी पाहिला होता. मी घाईने म्हणालो, "चांगलं लिहिलं आहे. असंच बोला तुम्ही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "तुमाले चांगलं वाटून राह्यलं? कवापासून?"

पोरगी कागद घेऊन गेली.

तरी जयंतीला पोरगी बोलली. आईचं वाक्य आलं तेव्हा ती मध्येच थांबली, आणि बायांमध्ये बसलेल्या एका म्हातारीने पदर डोळ्याला लावला. शेवटपर्यंत कोणी हललं नाही. माझी बायको आली नव्हती.

घरी आलो तर ती दारातच बसली होती. बऱ्याच दिवसांनी तिने स्वतःहून मला काही विचारलं.

"मंग? काय कमी पडलं तिचं?"

काहीच कमी पडलं नव्हतं. पण ती वाट पाहत होती, आणि आमच्यात बोलण्यासारखं तेवढंच उरलं होतं. मी चपला काढल्या, तिच्या बाजूला बसलो आणि एक चूक शोधून दिली.