शाळा सुटली का?

बेबीनंदा आमच्या शाळेत मराठी शिकवते, मी गणित. जालन्यात विहारामागच्या ज्या वस्तीत ती जन्मली, तिथलीच ही शाळा. तिचे वडील कडूबा केदारखेड्याहून लोखंडाच्या कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. पोरगी पीएच.डी. करायला लागली तेव्हा 'शहरी शिक्षण : संशोधन आणि धोरण' हे विषयाचं नाव त्यांनी पाठ करून टाकलं. कुणी विचारो न विचारो, म्हणून दाखवायचे.

तिचे मार्गदर्शक सर्जेराव सर. या माणसाबद्दल मला चांगलं बोलता येत नाही, आणि बोलायचंही नाही. 'परिप्रेक्ष्य' हा शब्द आल्याशिवाय सरांचं वाक्य संपत नाही. घरचा सिलिंडर असो की धाकट्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका, पळापळ विद्यार्थ्यांनी करायची आणि त्याला सर संशोधनाची शिस्त म्हणणार. वस्तीत मात्र त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. बूट खराब होतात.

प्रश्नावली सरांनी स्वतः इंग्रजीतून मराठीत आणली. शाळेतून मुलांची गळती किती होते ते शोधायचं होतं. 'गळती' लोकांना कळणार नाही, म्हणून सरांनी सोपं करून लिहिलं, 'आपल्या पाल्याची शाळा सुटली आहे का?' मराठी शिकवणाऱ्या बेबीनंदालाही त्यात काही खटकलं नाही. हे मी तिला तोंडावर ऐकवलंय.

सर्वेक्षणाला सरांचे बी.एड.चे विद्यार्थी गेले. व्यापाऱ्यांना त्यांनी सकाळी दुकानात गाठलं. वस्तीतली माणसं दिवसभर कामावर, म्हणून तिथं संध्याकाळी गेले. निष्कर्ष असा आला की व्यापाऱ्यांचं एकही मूल गळालेलं नाही आणि वस्तीतली जवळजवळ सगळी गळालीत! मुलंच येत नाहीत तर शाळा कशाला, असं म्हणून सरांनी तिच्याकडून शिफारस लिहून घेतली. वस्तीतली शाळा बंद करावी आणि उरलीसुरली मुलं लांबच्या शाळेत पाठवावीत.

गळालेल्यांत आर्यनचं नाव होतं. हा आर्यन रोज माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून माझं डोकं खातो. आम्ही दोघी त्याच्या आईकडे, द्वारकाबाईंकडे गेलो.

"आर्यनची शाळा सुटली म्हणून सांगितलं तुमी?" बेबीनंदानं विचारलं.

"मंग? सुटल्तीच की. दिवस मावळून राह्यल्ता, तवा आल्ते ते पोरं इचारायला. पाच वाजता तुमीच सोडता न्हाई का?"

मला हसू आवरेना. बेबीनंदा हसली नाही.

ती तडक सरांकडे गेली. सर म्हणाले, "आकडे भावनेवर चालत नाहीत. आणि त्या वस्तीतून दुसरं काय येणार? हे अपेक्षितच होतं." त्या 'अपेक्षितच'ची मला आजही चीड येते. व्यापाऱ्यांची सगळी पोरं गळालेली निघाली असती, तर याच सरांनी कागद दहादा तपासले असते. सही हवी असेल तर निष्कर्ष तसाच राहील, असं त्यांनी बजावलं. मुदत संपत आली होती. तिनं मुकाट्यानं प्रबंध दिला.

मग खुली मौखिक परीक्षा. म्हणजे कुणीही यावं, ऐकावं. बाहेरगावचे परीक्षक आले. शाल, नारळ, मठ्ठा, जिलेबी. सरांना प्रबंधापेक्षा जिलेबीची काळजी जास्त. जेवणं इतकी लांबली की परीक्षा दुपार कलल्यावर सुरू झाली. कडूबा इस्त्रीचा सदरा घालून शेवटच्या रांगेत बसले होते. परीक्षक प्रश्न तिला विचारत होते आणि उत्तरं सर देत होते. शेवटी सर म्हणाले, "ही शिफारस मी उद्याच शिक्षण समितीपुढे ठेवणार आहे. मी तिथला सदस्य आहे."

बेबीनंदा उभी राहिली. "सर, तुमच्या नातीची शाळा सुटली का हो?"

सरांनी घड्याळ पाहिलं. "सुटली असेल एव्हाना. का?"

"मग तिचीही गळती लिहून घ्या."

पुढचं सगळं तिनं परीक्षकांना समजावून सांगितलं. कुणी कुणाला, किती वाजता, कोणत्या शब्दांत विचारलं ते. परीक्षक आधी हसले, मग हसायचे थांबले. प्रबंध मिटून म्हणाले, "हा निष्कर्ष बाद. याच्यावर पदवी देता येणार नाही आणि शिफारसही करता येणार नाही." सरांचा चेहरा लालबुंद झाला. या बाईंचं मार्गदर्शन मी आजपासून सोडलं, असं भर सभेत सांगून ते निघून गेले. जिलेबी खाऊन झालीच होती.

बाहेर कडूबा उभे होते. "मंग डॉक्टर न्हाई झाली?"

"न्हाई, बाबा."

"कामून बोलली मंग? गप बसायचं व्हतं की. आता नावाम्होरं काय लावायचं?"

"मागं 'बाई' लावा. उद्या पोरं तेच म्हणणार हायेत, आपल्याच शाळेत."

कडूबांना ते पटलं नाही. वस्तीपर्यंत ते आमच्या पुढं चालत राहिले.